पाडण्यापूर्वीची मुदत

नगर जिल्ह्यातील जुन्या घराचा जीव त्याच्या धाब्यात असतो. दगडामातीच्या रुंद भिंती, लाकडी खांबांवर टेकलेल्या तुळया, तुळयांवर आडवे अंथरलेले किलचन, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि सर्वांवर दाबून बसविलेली पांढरी माती, अशी ही माळवदाची रचना. दर वर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपली आणि पन्हळी मोकळ्या केल्या, म्हणजे असे घर पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट उभे राहते. परंतु हे काम लागोपाठ दोन-तीन उन्हाळे राहिले, की पाणी प्रथम किलचनात मुरते, तेथून तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी येऊन थांबते, आणि खालून पाहणाऱ्यास धडधाकट वाटणारी तुळई तेवढ्या वीतभर जागी कुजून जाते. राहुरीसारख्या कसब्यातील वाडा पाडावयाचा, तर त्यास कुदळ लावावीच लागते असे नाही. मालकाने धाब्यावर चढावयाचे सोडले म्हणजे पुरे. राहती घरे पाडण्याच्या वाटेत मुदतीचा अडसर घालून लोकांचा निवारा राखण्याचे जे कायदे गेल्या शतकात आपल्या प्रांतात झाले, त्यांचा इतिहास पाहू लागले असता असे दिसते, की त्यांच्या कर्त्यांनी कुदळीचा बंदोबस्त मोठ्या बारकाईने केला आणि पावसाकडे मात्र बहुधा पाठ फिरविली.

राहुरी हे मुळेच्या काठचे तालुक्याचे ठिकाण. दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे होऊन प्रवरेच्या कालव्यांस खात्रीचे पाणी मिळाले, स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि 1968 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. यांतील प्रत्येक घटनेबरोबर ज्यांचे वडिलार्जित घर गावात नाही अशी माणसे या तालुक्यात आली: कारकून, शिक्षक, कारखान्यातील फिटर, कचेरीतील अव्वल कारकून, पुढे विद्यार्थी. यांनी राहावयाचे कोठे? वाड्यातील दोन खण, मागचा सोपा, जिन्याखालची खोली, अशा जागी बिऱ्हाडे मांडली जाऊ लागली, आणि ज्या घराचा मालक व रहिवासी पूर्वी एकच होता, त्या घरात दोन पक्ष उत्पन्न झाले. दोन पक्ष झाले, की सरकार आलेच.

मुंबई इलाख्यात भाड्याला पहिला सरकारी लगाम बसला तो पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1918 साली. तो काही वर्षांनी सुटला. दुसरे महायुद्ध आले आणि 1939 व 1944 साली पुन्हा कायदे करावे लागले. या सर्वांचा वारस म्हणजे 1947 सालचा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा, जो 13 फेब्रुवारी 1948 पासून अंमलात आला आणि ज्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हेच प्रमाणभाडे मानून जणू त्या दिवशी घड्याळ थांबविले. गोदावरीपलीकडे निजामी मुलखात याच कामासाठी वेगळा कायदा, वऱ्हाड-नागपुरात आणखी वेगळा. परंतु नगर जिल्हा मुंबई इलाख्यातला, त्यामुळे येथील गावांचा संबंध या मुंबईच्या कायद्याशीच.

त्या कायद्याच्या तेराव्या कलमात पुढे दुरुस्तीने घातलेला एक पोटभाग वकिलांच्या बोलण्यात नुसता 'एचएच' म्हणून ओळखला जाई, आणि माझ्या मते राहत्या घरांच्या संरक्षणाचा विचार आपल्याकडे जितका खोलवर त्या दोन अक्षरांत झाला, तितका नंतर क्वचितच झाला. मालकाने न्यायालयात येऊन 'मला हे घर पाडून नवे बांधावयाचे आहे' एवढे म्हटल्याने भाडेकरूविरुद्ध हुकूमनामा होत नसे. प्रथम त्याने एका न्यायाधिकरणाकडून दाखला आणावयाचा, की नव्या इमारतीस लागणारा पैसा हाती आहे आणि नकाशे व खर्चाचा अंदाज नीट तयार आहेत. मग न्यायालयास हमी लिहून द्यावयाची, की स्थानिक संस्थेच्या नियमांस बाध न येता नव्या इमारतीत राहते गाळे पूर्वीच्या निदान दुप्पट असतील आणि क्षेत्रही दुप्पट असेल. सर्व जागेचा ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात पाडकाम सुरू होईल, तीन महिन्यांत संपेल आणि पंधरा महिन्यांच्या आत नवी इमारत उभी राहील. पाडकाम महिन्याभरात सुरू झाले नाही, तर बाहेर पडलेल्या भाडेकरूस आपली जुनी जागा परत मागता येई. नवी इमारत झाल्यावर तीत गाळा मिळविण्याचा त्याचा हक्कही राखून ठेवलेला असे. या तरतुदीची खुबी अशी, की तीत मुदतीचे दोन उलटे उपयोग एकत्र आले आहेत. ताबा मिळेपर्यंत कायदा मालकास अडवितो, दाखला आण, नकाशा आण, हमी दे. ताबा मिळताच तोच कायदा त्याच्या पाठीस लागतो, की आता एक दिवसही दवडू नकोस. भाडेकरूस घालवून देऊन जागा वर्षानुवर्षे ओसाड ठेवणे, हा जो सर्वांत मोठा धोका, तो ज्याने ओळखला होता तो मसुदाकार कोणीही असो, त्याने भाड्याच्या घरात दिवस काढले असावेत.

मग हे वाडे वाचले का? या प्रश्नाचे उत्तर पुन्हा धाब्यावर चढल्याविना मिळत नाही. पाच-सहा रुपये भाडे गोठलेले. मातीची गाडी, गड्याची मजुरी आणि सागाची तुळई यांचे दर मात्र गोठलेले नाहीत. दुप्पट गाळ्यांची हमी देण्याइतका पैसा तालुक्याच्या गावातील मालकाजवळ कोठून असणार? तेव्हा त्याने 'एचएच'च्या वाटेस न जाता स्वस्तातला मार्ग धरला. कायद्यात दुसरेही एक कारण होते: नगरपालिकेने धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम दिलेली जागा. ते लागू झाले, की न दाखला, न नकाशा, न पंधरा महिने. घर धोकादायक होऊ देणे म्हणजे केवळ स्वस्थ बसणे. आणि स्वस्थ बसण्यास कोणत्याही कायद्याने मुदत घातलेली नाही. भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोय होती व आजही आहे. परंतु वळती करावयाची रक्कम आजच्या कायद्याप्रमाणे वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी लागते, आणि गोठलेल्या भाड्याच्या चतुर्थांशात धाब्यावर माती पडत नाही, एखादी पन्हळ बसली तर बसली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात ही भाडेबंदी कालांतराने अन्यायकारक झाल्याचे सांगितले, आणि 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दर वर्षी शेकडा 4 वाढीची मुभा दिली. पाडकामाविषयीची अट मात्र त्यात सौम्य झाली: दुपटीऐवजी निदान पूर्वीइतकेच गाळे, आणि प्रत्येक भाडेकरूस शेकडा 5 च्या फरकाने पूर्वीइतकीच जागा. एक, तीन आणि पंधरा महिन्यांचा हिशेब तसाच राहिला.

शहरांच्या या कथेत एक खेड्याची कथा दडून गेली आहे, आणि राहुरी तालुक्यातील वाड्यावस्त्यांशी तिचाच संबंध अधिक. 1948 च्या कूळकायद्याची आठवण निघाली, की लोकांना जमीन आठवते. त्याच कायद्याची सोळा, सतरा आणि अठरा ही कलमे घराविषयी आहेत हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने घर बांधले असेल, तर त्या घरातून त्यास काढता येणार नाही. मालकाने ती जागा विकावयाची ठरविली, तर वार्षिक भाड्याच्या वीसपट किमतीत ती विकत घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. आणि हेच संरक्षण शेतमजुरांस व गावच्या कारागिरांसही. ज्याच्याकडे ना सातबारा ना सोपा, त्या मजुराची झोपडी पाडण्यापूर्वी मालकाने कायद्याला विचारावे, ही कल्पना त्या काळी किती नवी होती, हे आज सहजी उमगणार नाही.

परदेशांतही मुदतीचा हा उपाय अपरिचित नाही. अमेरिकेतील केंब्रिज या शहराने 1979 साली असा नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी, महत्त्वाची ठरलेली इमारत पाडावयाची असेल तर सहा महिने थांबावे लागेल. तेवढ्या अवधीत ती वाचविण्याचा कोणी मार्ग काढला तर काढला. तेथे मुदत दिली ती प्रथम इमारतीस, आपल्याकडे ती बहुधा आत राहणाऱ्या माणसास, आणि हा भेद मला आपल्या बाजूने भूषणावह वाटतो. मुंबईत तर 1969 साली उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा भार सरकारी मंडळाने उचलला. तेव्हा अशा इमारती 19,642 होत्या. पावसाचा विचार ज्याने केला असा हा एक अपवाद. त्याचा लाभ मुंबई बेटापुरताच राहिला, राहुरीच्या पेठेतील पडक्या सोप्यास असा कोणी उपकरवाला भेटला नाही.

येथे उन्हाळा सरता सरता जे कागद येतात ते 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या 195 व्या कलमाखालचे. मोडकळीस आलेले घर दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, अशा नोटिसा गावोगावच्या नगरपरिषदा पावसाळ्याच्या तोंडावर काढतात. कोणी त्या घेतात, कोणी दारावर चिकटवून घेतात. मालक नोटीस आनंदाने घेतो, भाडेकरू तीत मालकाचा हात शोधतो, आणि बरेचदा दोघेही पावसाळा तसाच काढतात. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने बृहन्मुंबई महापालिकेस घालून दिलेल्या पद्धतीत या संशयावर उतारा आहे: इमारतींची प्रतवारी करावी, दोन अभियंत्यांचे अहवाल परस्परविरुद्ध आले तर तांत्रिक समितीकडे जावे, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या जागेचे माप घेऊन नोंदून ठेवावे. ही शेवटची अट दिसावयास किरकोळ. पण भिंती गेल्यावर 'माझे दोन खण होते' हे सिद्ध करावयास मापाच्या कागदाखेरीज भाडेकरूजवळ काय उरते?

पावसाळ्याची मुदत हा एक निराळाच प्रकार. 1985 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटविण्यास मान्यता दिली खरी, परंतु पाऊस सरून महिना होईतो, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, त्यांस हात लावू नये असे बजावले. चातुर्मासात साधूनेही एका ठिकाणी राहावे, या आपल्या जुन्या रिवाजाशी ते किती जुळते! पुढे राज्य शासनाच्या 29 जून 2021 च्या निर्णयातही 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात राहती बांधकामे पाडू नयेत, असेच धोरण आले.

त्यानंतरचा टप्पा 13 नोव्हेंबर 2024 चा. आधी घर पाडून मग कारण सांगण्याची जी रीत काही प्रांतांत पडली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी आळा घातला: नोंदणीकृत टपालाने नोटीस, निदान 15 दिवसांची मुदत, समक्ष सुनावणी, सकारण अंतिम आदेश, आणि त्या आदेशानंतर अपिलासाठी अथवा स्वतः बांधकाम काढून घेण्यासाठी पुन्हा 15 दिवस, याविरुद्ध वागणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई. हा दंडक देशातील प्रत्येक स्थानिक संस्थेस, म्हणून राहुरीच्या नगरपरिषदेसही, बंधनकारक आहे. त्याला अपवाद आहेत ते सार्वजनिक रस्ता, पदपथ, लोहमार्ग आणि नदी वा जलाशय यांच्यालगतच्या अनधिकृत बांधकामांचे. ज्या गावास एका अंगाने मुळा, पोटातून नगर–मनमाडचा रस्ता आणि जवळूनच आगगाडी जाते, त्या गावात दुसरीकडे ठाव न मिळाल्यामुळे छप्पर घालून राहिलेला माणूस बहुधा याच तीन कडांपैकी एकीवर असतो, आणि तेथे ते पंधरा दिवस त्याच्या वाट्यास येत नाहीत.