दिनविशेष : ७ डिसेंबर – सशस्त्र सेना ध्वजदिन
२८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवले, की दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा चिमुकला ध्वज खिशावर टाचणीने लावायचा आणि सैनिकांच्या कल्याणासाठी डब्यात यथाशक्ती पैसे टाकायचे.

१९७१ मध्ये हा दिवस ऐन युद्धात आला. पाकिस्तानशी लढाई पेटून जेमतेम चार दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी समाजसेविका मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना उभारली.

१९९३ मध्ये सैनिक कल्याणाचे वेगवेगळे निधी एकत्र करून एकच ध्वजदिन निधी झाला. वीरपत्नींना आधार, मुलांचे शिक्षण यांसाठी त्यातून मदत मिळते. महाराष्ट्रात दर जिल्ह्याला निधी संकलनाचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते.