संगणक वारंवार बंद पडणे : यंत्रभागांतील दोषांचे निदान

चालू संगणक आपोआप रिस्टार्ट होणे, हँग होणे किंवा निळी स्क्रीन दाखवून थांबणे असे पुन्हापुन्हा घडत असेल आणि विंडोज नव्याने टाकूनही ते थांबत नसेल, तर दोष यंत्रभागांत शोधावा लागतो. ही नोंद आष्टी (जि. बीड) तालुक्यातील परिस्थिती समोर ठेवून केली आहे.

पार्श्वभूमी : आष्टी हे बालाघाटच्या डोंगररांगांलगतचे, अवर्षणप्रवण तालुक्याचे ठिकाण. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, पीकविम्याचे अर्जही ऑनलाइन झाले. त्यामुळे सेवाकेंद्रातील संगणक हे शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेचे यंत्र बनले. खरीप विम्याच्या अर्जाची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्या आठवड्यात संगणक बंद पडला, तर नुकसान दारात रांग लावून उभ्या असलेल्या माणसाचे होते. म्हणून निदान अंदाजाने न करता क्रमाने करणे महत्त्वाचे.

वीजपुरवठा : ग्रामीण भागात तपासणी येथूनच सुरू करावी. भारतीय वीज नियम, १९५६ मधील ५४ व्या नियमाने कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंत चढउतार मान्य केला होता. म्हणजे २३० व्होल्टांच्या जोडणीवर साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. शेतीपंप चालू असताना आणि बंद असताना, अशा दोन्ही वेळी सॉकेटवर मल्टिमीटर लावून आकडा लिहून ठेवावा. डीपीवरील (वितरण रोहित्रावरील) न्यूट्रल सुटल्यास एखाद्या फेजवरच्या घरांत दाब ४०० व्होल्टांच्या दिशेने चढू शकतो. दिवे एकीकडे मंद व शेजारी भगभगीत दिसले, तर संगणक तत्काळ सॉकेटमधून काढावा आणि वायरमनला कळवावे.

अर्थिंग नसल्यास कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या (संगणकातील वीजपुरवठा-डब्याच्या) आतील गाळणी-कॅपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब येतो. विद्युतप्रवाह अल्प असतो, पण यूएसबी व नेटवर्कच्या जोडण्यांना तो बाधतो. मुरमाड जमीन उन्हाळ्यात वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत या दृष्टीने योग्यच आहे.

यूपीएस व एसएमपीएस यांचा विचार एकत्र करावा. साध्या ऑफलाइन यूपीएसला बॅटरीवर जाण्यास सामान्यतः १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. हा फरक थोडा आहे. यूपीएसची बॅटरी चांगली असूनही लाइट जाताच संगणक रिस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसमधील मुख्य कॅपॅसिटर क्षीण झाल्याचा संशय घ्यावा. पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर सुमारे ३.१४ ते ३.४६ व्होल्ट असावेत. हे मोजमाप यंत्रावर भार असताना घ्यावे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, तरंग दाखवत नाही. त्यामुळे आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हाच दुरुस्तीच्या दुकानात शक्य असलेला पुरावा. सीलबंद डबा उघडू नये : आत सुमारे ३२५ व्होल्टांचा साठा वीज काढल्यावरही काही काळ राहतो.

मदरबोर्ड : डोके फुगलेले किंवा तपकिरी द्रव गळणारे कॅपॅसिटर डोळ्यांनी दिसतात. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक बोर्डांत सदोष कॅपॅसिटर होते. डेल कंपनीने २००५ मध्ये त्यासाठी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कॅपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. चाळिशीपार उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या गाळ्यात हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. पंखा व हीटसिंकमधील धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे ही कामे उन्हाळ्यापूर्वी करावीत.

रॅम : ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये केलेली मेमटेस्ट८६ ही चाचणी आजही वापरात आहे. ती पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक आली तर रॅम संशयित धरावी. मग एकेक पट्टी एकाच खाचेत आणि नंतर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून दोष पट्टीचा की बोर्डाचा हे ठरवावे. गूगलच्या यंत्रांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत दुरुस्त होऊ शकणाऱ्या चुका आढळल्या. घरगुती संगणकांत अशी दुरुस्ती करणारी रॅम बहुधा नसते, म्हणून तेथे चूक कळतच नाही. रॅमची टोके खोडरबराने पुसण्याची पद्धत सर्वत्र दिसते; तिच्या योग्यतेविषयी मतभेद आहेत.

हार्डडिस्क : डिस्क स्वतः ठेवत असलेल्या स्मार्ट (SMART) नोंदींतील ५, १९७ व १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर प्रथम माहितीची प्रत काढावी. १९९ चा आकडा वाढत असल्यास आधी केबल बदलावी. मात्र नोंद स्वच्छ असणे म्हणजे डिस्क चांगली असणे नव्हे : गूगलच्या २००७ च्या अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिकांनी कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती.

प्रोसेसर : क्वचित. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, असे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने बायोस अद्ययावत करण्यास सांगितले व हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला.

ग्राफिक्स कार्ड : काढून, बोर्डावरील डिस्प्लेवर चालवून पाहावे.

पुनरावृत्ती : मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे १० लाख संगणकांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. यंत्रभागामुळे एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा बंद पडण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते, असे त्यात दिसले. ‘एकदाच झाले, बघू पुढे’ असे म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणे त्यामुळे चुकीचे ठरते. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते. कारण सांगत नाही. ‘व्हीया’ने (WHEA) सुरू होणारा संदेश असलेली निळी स्क्रीन मात्र बहुधा यंत्रभागाकडे बोट दाखवते. एका वेळी एकच भाग बदलावा. दोन बदलले तर दोष कोणता होता हे कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो.

लॅपटॉप : बॅटरी असल्याने क्षणिक वीजखंडाचा प्रश्न उरत नाही, उष्णता व रॅम आधी पाहावी.