हाली, कलदार आणि रुमालाखालची बोटं

आजोबांची एक खतावणी माझ्याकडे आहे. लाल कापडाची बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. लातूरच्या गंजात ते एका कच्छी शेठजींच्या आडतीवर मुनीम होते. वहीत तीन लिप्या आहेत. आजोबांची मोडी, शेठजींची गुजराती आणि मधेमधे चिकटवलेल्या करोडगिरीच्या उर्दू पावत्या. मी मराठीची शिक्षिका. मोडी हौसेनं शिकले, उर्दू आजोबांच्या मांडीवर बसून थोडीफार आली. गुजराती पानं मात्र कित्येक वर्षं माझ्यासाठी बंदच होती.

करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. लातूर निजामाच्या मुलखात, शेजारची बार्शी इंग्रजांच्या. या दोन मुलखांना जोडणारी गाडी होती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांवरून धावणारी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. करडी, जवस, शेंगा, तूर या गाडीनं कुर्डुवाडीला जायची, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला. माल निघाला तशी माणसं आली. लिंगायत वाणी इथले जुनेच. त्यांच्या शेजारी मारवाडी, गुजराती आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांनी पेढ्या मांडल्या.

मग १९१७ मध्ये गोलाई उभी राहिली. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा तो आराखडा. मधोमध दुमजली वर्तुळाकार इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनंनाणं, दुसऱ्यावर चपला, तिसऱ्यावर मिरची आणि गूळ. निजामाच्या राज्यात एका मुसलमान रचनाकारानं आखलेल्या बाजाराच्या मध्यभागी देवी बसली आहे, याचं लातुरात कुणाला नवल वाटलेलं मी ऐकलं नाही.

आजोबांची खरी कसरत पैशांची होती. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. शेतकऱ्याला पट्टी हालीत द्यायची, बार्शीच्या व्यापाऱ्याकडून कलदार घ्यायचे. हा हिशेब ते तोंडी करत आणि करताना त्यांचे ओठ हलत. वहीत प्रत्येक आकड्याआधी मोडीत बारीक 'हा' किंवा 'क' आहे. एका पानावर 'क' खोडून 'हा' केला आहे आणि शेजारी त्यांनी स्वतःची सही ठोकली आहे. चूक झाली, ती मीच सुधारली, हे सांगणारी सही.

सौदा मात्र कुठल्याच भाषेत होत नसे. घेणारा आणि आडत्या समोरासमोर उभे राहत, हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. भोवती दहा माणसं असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. मी आठ वर्षांची असताना आजोबांनी माझ्या हातावर आपलं उपरणं टाकलं आणि एक बोट दाबलं. "हे एक. ही दोन धरली की दोन. पंजा धरला की पाच. आणे की रुपये, ते दोघांना आधीच ठाऊक असतंय." त्यांचा तळहात कोरडा होता, धान्याच्या पोत्यासारखा. मारवाड्याला मराठी येत नसली, कच्छ्याला कानडी येत नसली, तरी या बोटांत सगळे शहाणे होते.

बोटं सुटली की तोंडं सुटायची आणि तिथं जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. आजोबा घरात "काय करलालास?" म्हणायचे, अस्सल लातुरी. दुकानावर शेठजींशी दखनी. दखनीतला 'नक्को' हा आपला 'नको'च आहे. 'ऐसाइच' मधला शेवटचा 'च' मराठीचाच. हे शब्द हैदराबादेत माणसं रोज बोलतात. उलट्या बाजूनं, जिल्ह्याच्या कलेक्टरला माझी आजी मरेपर्यंत 'अव्वल तालुकदार' म्हणायची आणि होकार द्यायचा तर 'हौ'. कुणी कुणाला शिकवायला बसलं नव्हतं. उधारी मागायची, भाव पाडायचा, लेकीच्या लग्नाला बोलवायचं, एवढ्यासाठी शेजाऱ्याचा शब्द तोंडात यावा लागायचा.

१९७५ मध्ये लग्न होऊन मी नांदेडला आले. शेजारी शीख कुटुंब. माझ्या माहेरी कुणी शीख पाहिलेला नव्हता. शेजारणीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, पाणी आलं का वो तुमच्याकडं?" आणि लगेच वळून पोराला दखनीत झापलं. देवापुढं ती गुरुमुखी वाचायची. ही बाई बाहेरची, असं कुणी म्हणालं असतं तर मला हसू आलं असतं. बाहेरची मीच होते.

नांदेडला ही सरमिसळ जुनीच. १६३६ च्या सुमारास मोगलांच्या तेलंगण सुभ्याचं ठाणं इथं होतं. १७०८ मध्ये बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंग इथं आले, इथंच बंदा बहादूर त्यांना भेटला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथंच गुरूंचा देह राहिला. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची, म्हणजे हजूर साहिबाची, इमारत बांधली. हैदराबादचे दिवाण चंदूलाल हे पंजाबी खत्री मुळाचे. त्यांच्या कारभारात पंजाबातून शीख सैनिक निजामाच्या चाकरीत आले. लाहोरी फौज म्हणत त्यांना. त्यांची नातवंडं, पणतवंडं दखनी शीख झाली.

हजूर साहिबात अजून रोज पहाटेच्या आधी गोदावरीचं पाणी घागरीनं आणलं जातं. आणणाऱ्याला गागरिया म्हणतात. मी एकदा थंडीत पाहिलं. अनवाणी माणूस, खांद्यावर घागर, पावलापावलाला थोडं सांडणारं पाणी, ओल्या फरशीवर दिव्यांचा उजेड. तिथं चंदनाचा टिळा आहे, दिव्यांची आरती आहे. पंजाबातून येणाऱ्या काही भाविकांना ते वेगळं वाटतं. मला ते घरचं वाटतं, कारण गोदाकाठच्या कितीतरी देवळांत असंच पाणी वाहिलेलं मी पाहिलं आहे.

पण हे सगळं मोडूही शकतं आणि ते लातुरात मोडलं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी खेडोपाडी जे केलं ते माझ्या आजीच्या माहेरानं भोगलं आहे. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यावर भारताची पोलीस ॲक्शन सुरू झाल्यावर जे घडलं तेही तेवढंच खरं आहे. एक सांगून दुसरं लपवणं मला जमणार नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात लातूरचं नाव आहे. वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. गावातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे नेसत्या वस्त्रांनिशी पळाले. आमचे शेठजी पळालेल्यांत होते, इतकंच आजोबा सांगत. ते गेले कुठं, हे त्यांनाही कळलं नाही. खतावणीत त्या सप्टेंबरनंतर पानं कोरी आहेत.

२०१८ मध्ये लेकीकडं न्यूयॉर्कला गेले. ती क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहते. क्वीन्समध्ये जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली. डोक्यावरून सात नंबरची गाडी खडखडत जाते आणि खाली रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर तिबेटी मोमो, कोलंबियाची मक्याची भाकरी, बांगलादेशी मासे. लेक म्हणाली, "आई, याला म्हणतात कॉस्मोपॉलिटन." मी लातूरकरीण. मला दुकानं मोजायची नव्हती. कुणाचा शब्द कुणाच्या तोंडात गेलाय, तेवढं मी ऐकत होते. तिसऱ्या दिवशी एका गुजराती वाणसामानाच्या दुकानात इक्वेडोरच्या पोरानं मेथीची जुडी माझ्यापुढं धरून विचारलं, "मेथी? अच्छी है." त्या क्षणी मला ते गाव ओळखीचं वाटलं.

दुकानाचे मालक सत्तरीचे, कच्छकडचे. माझ्या फोनमध्ये खतावणीच्या पानांचे फोटो होते. मी त्यांना शेवटचं लिहिलेलं गुजराती पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि अक्षरावर अक्षर लावत वाचलं. करडी, बारा पोती. हमाली दिली. मुनीमजींच्या लेकीच्या लग्नासाठी पंचवीस हाली उचल दिली. बाकी पुढच्या गुरुवारी.