हरितगृहातील अन्नद्रव्यांची कमतरता आणि सामू

पॉलिहाऊसमधल्या गुलाबाचे किंवा जरबेऱ्याचे पान पिवळे पडले की शेतकऱ्याचा हात आधी खताच्या पोत्याकडे जातो. बऱ्याचदा कमी वाटणारे अन्नद्रव्य मुळाशी पुरेसे असते. सामू (पीएच) चढल्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून झाडाच्या उपयोगी पडत नाही. अशा वेळी आणखी खत दिले तर क्षार साचतात, मुळे करपतात आणि पिवळेपणा वाढतो. म्हणून जाणकार आधी पाणी आणि सामू तपासतात, मग मुळे उकरून पाहतात, मग पान वाचतात. खताचा निर्णय सर्वांत शेवटी येतो.

सामू मोजण्याची पट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ती घातांकी असल्याने आकडे फसवे वाटतात: सामू ७ वरून ६ वर आला म्हणजे आम्लता दहापट झाली. लोहाचा हिशेब तर याहून कडक आहे. मातीतील फेरिक लोहाची विद्राव्यता सामूच्या प्रत्येक अंकामागे सुमारे हजारपटीने घटते. कोकोपीटमध्ये किंवा मातीविना वाढवलेल्या पिकांना साधारण ५.५ ते ६.५ हा सामू मानवतो. ७.५ च्या पुढे लोह, मँगनीज आणि जस्त अडकून पडतात. याउलट सामू ५ च्या खाली घसरला तर मँगनीज आणि लोह गरजेपेक्षा जास्त विरघळतात. झेंडू आणि पेलार्गोनियम या झाडांच्या खालच्या पानांवर मग तांबूस ठिपके येतात. या ठिपक्यांना कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्ये देणे म्हणजे विषाचा डोस वाढवणे.

महाराष्ट्रात चढ्या सामूच्या दुखण्याचे मूळ बहुधा विहिरीत किंवा बोअरमध्ये असते. पॉलिहाऊसचे गादीवाफे लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून भरतात. काळ्या, चुनखडीच्या पट्ट्यात तर ही लाल माती मुद्दाम ट्रकने बाहेरून आणतात. पण त्याच वाफ्यावर ठिबकमधून रोज बायकार्बोनेटयुक्त पाणी पडत राहिले, तर आणलेल्या मातीचा सामू हळूहळू चढतो आणि कोवळी पाने पिवळी पडू लागतात. मग दोष मातीला दिला जातो. खरा उपाय पाण्याचे पृथक्करण करून घेणे आणि मोजून आम्ल देणे हा आहे. त्यासाठी फॉस्फरिक किंवा नायट्रिक आम्ल वापरतात, आणि त्यांतून मिळणारे स्फुरद किंवा नत्र खताच्या हिशेबातून वजा करावे लागते. नत्र कोणत्या रूपात दिले यानेही सामू हलतो. अमोनियम शोषताना मुळे भोवतालचा सामू उतरवतात, नायट्रेट शोषताना तो चढवतात.

पान वाचण्याचे मुख्य सूत्र एकच आहे: लक्षण जुन्या पानावर आहे की शेंड्यावर? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतात. टंचाई आली की झाड ही अन्नद्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्या फुटव्याला देते, म्हणून खालची पाने आधी खंगतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव कोवळ्या भागात दिसते. नत्र कमी असेल तर खालचे पान शिरांसकट फिके होते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी पडते. लोहाच्या उणिवेत नेमकी हीच नक्षी दिसते, पण शेंड्यावर. पालाशच्या अभावी जुन्या पानांच्या कडा करपतात. मात्र पालाश अति झाले तर मॅग्नेशियमचे शोषण अडते, आणि चूक दिलेल्या खतात असूनही पान न दिलेल्या खताची तक्रार करते.

कॅल्शियम स्वतंत्र विचार मागते. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि तो प्रवाह पानातून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनावर चालतो. पडदे बंद, हवा दमट आणि वारा थांबलेला असेल, तर मुळाशी भरपूर कॅल्शियम असूनही कोवळ्या पानांची टोके जळतात. इथे कॅल्शियम नायट्रेटची मात्रा वाढवण्याआधी हवा खेळती करायला हवी. हेच खत सल्फेट किंवा फॉस्फेट खतांबरोबर एका टाकीत तीव्र स्वरूपात मिसळले तर साका तळाशी बसतो. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन टाक्या ठेवतात त्या यासाठीच.

पानांवरून निदान करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समध्ये एझेब ग्री यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहक्षार देऊन त्यांचा हिरवेपणा परत आणला. पुढे युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी जर्मनीत झाडे मातीविना, क्षारांच्या द्रावणात वाढवली. एकेक मूलद्रव्य वगळून काय होते हे त्यामुळे नेमके पाहता आले. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रातील टॉमस वॉलेस यांनी १९४३ मध्ये दृश्य लक्षणांवरून कमतरता ओळखण्याचे रंगीत चित्रांचे पुस्तक काढले. आजचे बहुतेक लक्षणतक्ते याच वळणाचे आहेत.

वगळण्याची तीच रीत अलीकडे गांजा-हेम्पच्या (कॅनाबिस) पिकालाही लावली गेली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केल्यावर दिव्यांखालच्या बंदिस्त लागवडीला परवानाधारक उद्योगाचे रूप आले, आणि ऐकीव सल्ल्यांच्या जागी मोजमापाची गरज भासू लागली. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी वाळूत वाढवलेल्या कॅनाबिसच्या झाडांना एका वेळी एक अन्नद्रव्य नाकारून त्यांची लक्षणे २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. इस्राएलच्या व्होल्कानी संस्थेत निरित बर्नस्टाइन यांच्या गटाने औषधी कॅनाबिसच्या नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या गरजा तपासल्या. भारतात या पिकावर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कडक बंधन आहे. पण परदेशातल्या गांजाच्या बंदिस्त खोलीतला सामूचा प्रश्न आणि मावळातल्या गुलाबाचा प्रश्न रसायनाच्या दृष्टीने एकच आहे.

पिवळेपणाची सोंगे मात्र अनेक. लाल कोळी पानाच्या मागून रस शोषतो आणि वर बारीक फिके ठिपके दिसतात; दहापट भिंगाने हा संशय मिनिटभरात फिटतो. सूत्रकृमींनी मुळांवर गाठी केल्या की झाड उपाशी असल्यासारखे दिसते. जास्त पाण्याने गुदमरलेली मुळेही लोह घेऊ शकत नाहीत. म्हणून झाड उपटून मूळ पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धवटच समजावा.

खात्रीसाठी प्रयोगशाळेचा आधार घेतात. द्राक्षबागायतदारांना देठ परीक्षण परिचयाचे आहे. तोच विचार फुलशेतीत पान-पृथक्करणाने साधतो. निरोग्या आणि आजारी झाडांचे, एकाच वयाच्या पानांचे नमुने वेगवेगळे पाठवले तर तुलना अर्थपूर्ण होते. कुंड्यांतून निथळलेल्या पाण्याचा सामू आणि ईसी (विद्युतवाहकता) मोजणे त्याहून स्वस्त: निथळ्याची ईसी दिलेल्या द्रावणापेक्षा खूप चढी असेल, तर क्षार साचत आहेत.

लोहाचा संशय असेल तर हिराकशीचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, अर्धा टक्क्याचे द्रावण दोन-चार कोवळ्या पानांच्या अर्ध्या भागाला लावून पाहतात. तेवढाच भाग हिरवा झाला तर निदान पक्के होते. मुळावाटे लोह द्यायचे तर चिलेट, म्हणजे लोहाला विरघळलेले ठेवणारे संयुग, सामूनुसार निवडावे लागते. ईडीटीए साधारण ६.५ पर्यंत, डीटीपीए ७.५ पर्यंत टिकते. त्यापुढे महागडे ईडीडीएचए लागते. उपचार लागू पडला की नाही हे नव्या फुटव्यावरून ठरवावे, कारण करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही.