नेटवर्क ‘डाउन’ झालं, हे दूरच्या सर्व्हरला कसं कळतं?

२२ जुलै २०२१. सावित्रीच्या पुरानं महाड शहर वेढलं होतं आणि त्याच संध्याकाळी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक जणांचा जीव गेला. वीज नाही, मोबाइल बंद, रस्ते पाण्याखाली. गावात काय घडलंय, हे बाहेर कळायलाच वेळ लागला.

अशा वेळी नेटवर्कच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसतो तो फक्त एक लाल ठिपका. उपकरण गप्प झालंय, एवढंच तो सांगतो. ते का गप्प झालं, हे ओळखण्याचं काम नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे एनएमएस करते.

हे काम चालतं कसं?

प्रत्येक राउटरमध्ये, स्विचमध्ये ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. मध्यवर्ती सर्व्हर ठरावीक वेळानं त्याला विचारतो: चालू आहेस ना? किती डेटा गेला? याला पोलिंग म्हणतात. काही बिघडलं तर एजंट न विचारताही कळवतो, तो ‘ट्रॅप’. या संवादासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी हा प्रोटोकॉल आला. त्यातला ट्रॅप साध्या पोस्टकार्डासारखा होता, पोहोचला की नाही ते पाठवणाऱ्याला कळायचंच नाही. पोचपावतीची सोय पुढच्या आवृत्तीत झाली.

आता गावाकडे येऊ. ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच आजची भारतनेट. तिच्या मूळ आराखड्यात तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे महाड किंवा पोलादपूरसारख्या गावी, ओएलटी हे मुख्य उपकरण असतं आणि ग्रामपंचायतीत ओएनटी. मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. यासाठीचं जीपॉन तंत्रज्ञान आणि एनएमएस सी-डॉट या सरकारी संस्थेनं विकसित केलं.

ओएनटीची एक सोय फार कामाची आहे. वीज गेली आणि बॅटरीही संपली, की आत उरलेल्या क्षणभराच्या ऊर्जेवर तो शेवटचा संदेश पाठवतो. इंजिनिअर त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात, अखेरचा श्वास. हा संदेश येऊन ओएनटी बंद झाला तर वीज गेली. संदेश न येताच बंद झाला तर बहुधा फायबर तुटली. म्हणजे पहिल्या वेळी वायरमनला फोन करायचा, दुसऱ्या वेळी केबल जोडणारी माणसं पाठवायची. पुरात गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा हा फरक मोठा ठरतो.

पण तालुक्याचा ओएलटीच पाण्यात गेला तर? त्याच्या मागची सगळी गावं एकदम गप्प होतात आणि पडद्यावर अलार्मचा पाऊस पडतो. म्हणून एनएमएस कोण कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा ठेवते आणि मूळ बिघाड वर दाखवून बाकीचे अलार्म दाबते.

एक अडचण तरीही उरते. सर्व्हरचे प्रश्न ज्या फायबरवरून जातात, तीच तुटली तर विचारायचं कशावरून? त्यासाठी महत्त्वाच्या ठिकाणी मोबाइल किंवा सॅटेलाइटचा वेगळा मार्ग ठेवतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये गावांना वलयाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं संपर्क राहावा. मात्र फायबर सहसा रस्त्याकडेनंच टाकतात. वलयाच्या दोन्ही बाजू पोलादपूरच्या आंबेनळीसारख्या एकाच घाटरस्त्यानं गेल्या, तर एक दरड दोन्ही तोडू शकते.