पोटाची साक्ष

घोडीचं गर्भारपण अकरा महिन्यांचं, आणि त्यातले पहिले सात महिने ते नुसत्या नजरेने ओळखणं जवळजवळ अशक्य. नवी घोडी दावणीला येते, काही महिन्यांत तिचं पोट सुटतं. मोतद्दार म्हणतो, भरली आहे. मालक म्हणतो, खुराक जास्त होतोय. शेजारचा जाणकार जंतांचं औषध सुचवतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं. या एका प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मिळवायला माणसाला शेकडो वर्षं लागली.

बंगळूर हे या कथेसाठी योग्य ठिकाण आहे. रेसकोर्स, घोडेस्वारीच्या शाळा, लग्नाच्या वरातीची घोडी, एकेकाळचे जटके म्हणजे टांगे, असा घोड्यांचा वावर या शहराने सतत पाहिला आहे. अशा ठिकाणी एक घोडी आयुष्यात अनेक दारं पाहते. शर्यतीतून निवृत्त होते, शाळेत जाते, तिथून कुणाच्या फार्महाऊसवर. प्रत्येक वेळी तिच्या मागच्या आयुष्यातलं थोडं काही सांगायचं राहून जातं. आपल्याकडे नर घोडे सर्रास खच्ची केले जात नाहीत, आणि शिंगरू वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की ते फळवू शकतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे व्यायल्यावर साधारण सात ते बारा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. त्यामुळे शिंगरासकट विकत घेतलेली घोडी त्याच वेळी दुसऱ्यांदा गाभण असू शकते. घेणारा एका व्यवहारात दोन जीव आणले असं समजतो, प्रत्यक्षात ते तीन असतात.

दक्षिणेत शिंगराचं मोल नेहमीच मोठं होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस तमिळ किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे की इथे घोडे नीट पैदा होत नाहीत. चांगल्या घोडीला चांगला घोडा दाखवला तरी पायाने अधू, खुरटं शिंगरू निपजतं. त्यामुळे होर्मुझ आणि एडनकडून दरवर्षी जहाजं भरभरून घोडे यायचे आणि त्यांच्यावर सोनं उधळलं जायचं. विजयनगरची घोडदळं या आयातीवर उभी राहिली. गोव्यात पोर्तुगीजांनी पाय रोवले तेव्हा घोड्यांचा हा व्यापार ताब्यात ठेवणं हे त्यांच्या राजकारणाचं एक मुख्य सूत्र होतं. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हा पागा हीच सरदाराची खरी पुंजी होती. समुद्रापारच्या घोड्यावर अवलंबून राहायचं नसेल तर आपल्या घोड्या आपल्याच मातीत व्यायला हव्यात, हा विचार पुढे म्हैसूरच्या राज्यात मूळ धरून वाढला. बंगळुरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, तुमकूर जिल्ह्यातली कुणिगलची पैदास-पागा टिपू सुलतानाच्या घोडदळासाठी उभी राहिली असं मानलं जातं. टिपूच्या पाडावानंतर ती इंग्रजांकडे गेली, आणि आधुनिक काळात तिथे शर्यतीचे घोडे तयार होऊ लागले. शहराच्या दुसऱ्या बाजूला होसूरला १८२४ मध्ये मद्रास फौजेसाठी घोड्यांचं ठाणं निघालं. या सगळ्या ठिकाणी दर हंगामात एकच प्रश्न असायचा: यंदा किती घोड्या भरल्या?

उत्तर शोधायची सर्वांत जुनी रीत घोड्यावरच सोपवलेली होती. माजाचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं. घोडा दाखवल्यावर सोळाव्या-सतराव्या दिवसापासून घोडीसमोर पुन्हा एक नर उभा करायचा. तिने कान मागे टाकले, लाथ झाडली, तर ती फळली असं धरायचं. शेपूट उचलून उभी राहिली, तर नाही. मोठ्या पागांत या कामासाठी वेगळा घोडा ठेवतात. ही रीत आजही चालते आणि बहुतेक वेळा खरी ठरते. पण काही लाजऱ्या घोड्या माज दाखवतच नाहीत, आणि क्वचित एखादी गाभण घोडीही नराला उभी राहते.

नर हाताशी नसला की माणसं पोटाकडे वळत. उपाशी घोडीला थंड पाणी पाजायचं आणि कुशीवर हात ठेवून शिंगराची हालचाल अजमावायची, ही युक्ती अनेक देशांत होती. शेवटच्या तीन महिन्यांत ती कधी कधी साधतेही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक चमत्कारिक परीक्षा सांगितली आहे: घोडीच्या कानात थंड व्हिनेगर ओतायचं, तिने नुसती मान झटकली तर गाभण, सगळं अंग झटकलं तर रिकामी. या परीक्षेला कसलाही आधार नाही. पण तिच्यामागची तगमग खरी आहे. शिंगरावर पागेचं वर्ष अवलंबून असताना माणूस काहीतरी करून पाहणारच.

पोट साक्ष का देत नाही, हेही समजून घ्यायला हवं. गर्भाच्या वजनाचा मोठा वाटा शेवटच्या तीन-चार महिन्यांत भरतो. पाचशे किलोंच्या घोडीचं शिंगरू जन्मताना पन्नास किलोंच्या आसपास असतं, पण पाचव्या-सहाव्या महिन्यात त्याचं वजन आईच्या मोठ्या आतड्यातल्या चाऱ्यापुढे नगण्य असतं. पहिलटकरणीचं पोट तर नवव्या महिन्यापर्यंत आवळलेलं राहू शकतं. उलट हलक्या, काडीकाडीच्या चाऱ्यावर राहिलेल्या घोडीचं पोट लोंबतं आणि बरगड्या मात्र दिसत राहतात. जंतांनीही तसंच होतं. कास भरते ती विण्याच्या दोन ते सहा आठवडे आधी, आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले तर बहुधा एक-दोन दिवसच उरलेले असतात. म्हणजे बाहेरून खात्री पटते तेव्हा तयारीची वेळ टळून गेलेली असते.

पुढचं पाऊल हाताने टाकलं. गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपण्याची रीत विसाव्या शतकात पद्धतशीर झाली. कसबी पशुवैद्याला तीन आठवड्यांच्या सुमारास गर्भाशयाचा घट्टपणा आणि आवळलेलं तोंड जाणवतं, आणि महिन्याभरात एका बाजूला छोटा फुगा लागतो. पण या कामात घोडीचं आतडं फाटण्याचा धोका असतो आणि वैद्याला लाथेचा. मुख्य म्हणजे असं बोट सगळ्यांकडे नसतं.

मग प्रयोगशाळेची पाळी आली. १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी गर्भवती स्त्रीच्या लघवीतलं संप्रेरक उंदरांवर ओळखून दाखवलं होतं. घोडीत तेच शोधायला गेलेल्यांची निराशा झाली असती, कारण घोडीचं त्या कामाचं संप्रेरक लघवीत जवळजवळ उतरतच नाही. म्हणून औषधाच्या दुकानातली माणसांची पट्टी आजही घोडीच्या लघवीत बुडवून काही उपयोग होत नाही. घोडीचं रहस्य रक्तात होतं. १९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरॉल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तद्रवाची सुई वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचली. त्यांची अंडाशयं फुगली आणि पक्व झाली. साधारण चाळिसाव्या दिवसापासून चार महिन्यांपर्यंत घोडीच्या रक्तात ही ताकद असते, आधी आणि नंतर नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

लघवीनेही दुसऱ्या वाटेने तोंड उघडलं. झोंडेकने त्याच काळात दाखवलं की गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन प्रचंड प्रमाणात असतं. १९३४ मध्ये कुबोनी यांनी त्यावर रासायनिक कसोटी बसवली. लघवीवर आम्लाची प्रक्रिया केली की गाभणपणाच्या मधल्या आणि उत्तर काळात हिरवट चकाकी उमटते. प्राण्यांची गरज नाही, महाग यंत्र नाही. त्यामुळे ही कसोटी कित्येक दशकं वापरात राहिली. याच लघवीतून माणसांसाठी औषधही निघालं: रजोनिवृत्तीच्या त्रासावरचं प्रेमरिन १९४२ पासून अमेरिकेत विकलं जाऊ लागलं. कोल आणि हार्ट यांना सापडलेलं संप्रेरक गाई-मेंढ्या माजावर आणायला वापरलं जाऊ लागलं. त्यासाठी आजही काही देशांत गाभण घोड्यांचं रक्त काढतात, आणि त्या घोड्यांच्या हालांविरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं गांभीर्याने ऐकायला हवं.

ही संप्रेरकं येतात कुठून, याचं उत्तर मला या सगळ्या कथेतलं सर्वांत विलक्षण वाटतं. इंग्लंडमध्ये ट्विंक ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की रक्तातलं ते संप्रेरक गर्भाच्याच पेशी बनवतात. छत्तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भावरणाच्या पट्ट्यातल्या पेशी सुटून आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, तिथे वाटीच्या आकाराची बेटं तयार करतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत संप्रेरक सोडत राहतात. लघवीतल्या इस्ट्रोजेनचा कच्चा मालही गर्भच पुरवतो. त्यासाठी त्याच्या जननग्रंथी इतक्या वाढतात की काही काळ त्या आईच्या अंडाशयांहून मोठ्या असतात. आईच्या पोटाकडे शतकानुशतकं टक लावून बसलेल्या माणसांना शिंगरू स्वतःच सांगत होतं, मी आहे.

या निरोपाला मर्यादाही आहेत. वाट्या तयार झाल्यावर गर्भ दगावला तरी त्या काही आठवडे संप्रेरक सोडत राहतात. रक्त ‘गाभण’ म्हणतं आणि आत काही नसतं. घोडीच्या पोटात गाढवापासून राहिलेला गर्भ, म्हणजे खेचर असेल, तर हे संप्रेरक फार कमी असतं आणि तपासणी ‘रिकामी’ म्हणू शकते. इस्ट्रोजेनची तपासणी मात्र जिवंत गर्भाचीच ग्वाही देते, पण ती अडीच-तीन महिन्यांनंतर भरवशाची होते. म्हणून घोडा कधी लागला हे ठाऊक नसेल तर एकाच चाचणीवर विसंबू नये. आपल्याकडे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने घोडीच्या रक्तातलं हे संप्रेरक ओळखणारा एलायझा संच तयार केला. उंदरांशिवाय, थोड्याशा रक्तावर उत्तर मिळू लागलं.

१९८० मध्ये फ्रान्समध्ये पामर आणि ड्रियांकूर यांनी घोडीचं गर्भाशय सोनोग्राफीने पाहण्याची रीत प्रसिद्ध केली आणि अनिश्चितता जवळजवळ संपली. दोन आठवड्यांचा गर्भ पडद्यावर काळ्या वाटोळ्या ठिपक्यासारखा दिसतो, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास काळजाची धडधड दिसते. अमेरिकेत गिंथर यांनी याच साधनाने पाहिलं की सोळाव्या दिवसापर्यंत घोडीचा गर्भ एका जागी न थांबता सगळ्या गर्भाशयात फिरत असतो. त्या फेऱ्यांमधूनच आईच्या शरीराला त्याची चाहूल लागते. जुळं असेल तर वेळीच कळतं, आणि घोडीत जुळं म्हणजे बहुधा दोन्ही गमावणं, क्वचित घोडीही. फळण्याची तारीख ठाऊक नसेल तर गर्भाच्या डोळ्याच्या खोबणीचं माप घेऊन विण्याचा काळही अंदाजता येतो.

राहिला प्रश्न चरबीचा. पोट पाहून लठ्ठपणा ठरवता येत नाही, हेही शास्त्राला रीतसर मांडावं लागलं. १९८३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये डॉन हेनेकी आणि सहकाऱ्यांनी घोडीच्या अंगमानाची एक ते नऊ अंकांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. हेनेकींनी ती पैदाशीच्या घोड्यांचा अभ्यास करतानाच बांधली होती, हे इथे महत्त्वाचं आहे. मानेचा माथा, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचा मुळाडा या जागा नजरेने पाहायच्या आणि हाताने चाचपायच्या. या यादीत पोट नाही. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, तेव्हा घोडी मधल्या पाच अंकाजवळ असते. बरगड्या लागत आहेत आणि पोट मात्र खाली उतरलेलं आहे, तर गर्भ, जंत किंवा निकस चारा यांचा शोध घ्यावा. मानेवर घट्ट वळी चढली असेल, शेपटीभोवती मऊ चरबी असेल, तर घोडी लठ्ठ आहे. पण लठ्ठ घोडी गाभणही असू शकते, आणि इथेच सर्वांत मोठी चूक घडते.

गाभण आहे हे न कळता लठ्ठ घोडीचा खुराक एकदम तोडला, विशेषतः तट्टू असेल तर, अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते, यकृत निकामी होतं, आणि काही दिवसांत आई आणि शिंगरू दोघंही जाऊ शकतात. उलट, गाभण असेल म्हणून नुसत्या लठ्ठ घोडीला चणे आणि गूळ भरवत राहिलं, तर खुरांचा दाह तिला कायमची पांगळी करू शकतो. दोन्ही चुका प्रेमापोटी होतात. दोन्ही टाळायला वेळीच केलेली तपासणी पुरते.

म्हणून सारंगखेड्याच्या बाजारात असो, नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत असो, की बंगळुराच्या एखाद्या फार्महाऊसवर, घोडीचा मालक बदलतो तेव्हा तिच्यासोबत गर्भतपासणीचा दाखला असायला हवा, असं मी ठामपणे म्हणतो. घेणाऱ्याने तो मागावा, विकणाऱ्याने आनंदाने द्यावा. दाखला नसेल तर आधी पशुवैद्याला बोलवावं, मगच खुराकाला हात लावावा. पाचव्या महिन्यात कळलं तर विण्याची जागा, लसीकरण, शेवटच्या तीन महिन्यांचा वाढता आहार, रात्रीचा राखणदार, सगळं सावकाश नीट होतं. घोडी आपलं गर्भारपण सांगू शकत नाही. तिच्या पोटातला जीव ते दुसऱ्या महिन्यापासून रक्तातून सांगत असतो, आणि ते ऐकायची साधनं आज आपल्या देशात आहेत.