मद्याचें वय आणि पिपाचें लांकूड

जाणता रसिक जुन्या मद्याच्या प्याल्यास प्रथम ओठ लावीत नाहीं. तो त्याचा वास घेतो. शेरीच्या पिपांत मुरलेल्या स्कॉच व्हिस्कीला मनुका, सुकें अंजीर व अक्रोड यांचा गंध येतो आणि पाण्याचे दोन थेंब पडतांच तो खुलतो. या गंधाचा पुष्कळसा भाग जवांतून येत नाहीं; तो पिपाची देणगी आहे, आणि ती व्यापाऱ्याच्या काटकसरींतून लाभली.

एकोणिसाव्या शतकांत स्पेनमधील हेरेसची शेरी लांकडी पिपांतून ब्रिटनला जाई. रिकामीं पिपें परत नेणें परवडत नसे; स्कॉटलंडच्या भट्टीवाल्यांनीं तीं स्वस्तांत घेऊन त्यांत आपला अर्क सांठविला. मुरल्यावांचून व्हिस्की विकूं नये, असा निर्बंध ब्रिटिश सरकारनें 1915 मध्यें घातला. पुढल्याच वर्षीं ही मुदत तीन वर्षांची झाली. 1980 च्या दशकांत शेरी स्पेनमध्येंच बाटल्यांत भरली जाऊं लागली, तेव्हां तीं पिपें दुर्मिळ झालीं. आतां व्हिस्कीसाठींच पिपांत मुद्दाम शेरी भरून तीं तयार करतात.

अशीं पिपें पुढें गोव्यांतही आलीं. जॉन डिस्टिलरीज या कंपनीची कुंकळ्ळी येथें जवापासून केलेली सिंगल माल्ट व्हिस्की 2012 मध्यें ब्रिटनच्या बाजारांत गेली. भारतांत व्हिस्की म्हणून खपणारें बरेचसें मद्य उंसाच्या मळीच्या अर्कावर आधारलेलें असतें. युरोपांत त्यास व्हिस्की हें नांवही घेतां येत नाहीं. म्हणून त्या बाजारांत चवीइतकीच नांवाचीही परीक्षा होती. या माल्टचा एक प्रकार अखेरीस ओलोरोसो शेरीच्या पिपांत मुरवितात.

पिपांतून हवेंत उडून जाणाऱ्या अंशास स्कॉटलंडांत ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. तेथें तो वर्षाला सुमारें 2 टक्के, तर गोव्यांत सुमारें 8 टक्के असतो. या हिशोबानें 200 लिटरांपैकीं दहा वर्षांनीं तेथें 163 लिटर उरतील, येथें 87. वीस वर्षांनीं तेथें 134, तर येथें अवघे 38. उष्णतेनें लांकडाचा गुणही मद्यांत लवकर उतरतो. यामुळें गोव्याचें थोड्या वर्षांचें मद्य पोक्त लागतें, आणि फार वर्षें ठेवलेलें मद्य लांकडाच्या तुरटपणाखालीं दबून जातें.

मुळशीच्या मावळांत भाताच्या पेंढ्यांतली आढी उघडावयाची ती दिवसांच्या हिशोबानें नाहीं, वासावरून. बाटलीवरील वर्षांचा आंकडा वाचून किंमत मोजणारा ग्राहक मात्र स्कॉटलंडच्या थंडीचें माप कोंकणच्या उन्हाला लावतो, आणि त्या आंकड्यासाठींच अधिक पैसे देतो.